सॉना की बर्फाचा टब? डिप्रेशनसाठी घेतलेल्या 'हॉट-कोल्ड' पॅकेजचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी. सॉनाला (म्हणजे घाम काढायची तापवलेली लाकडी खोली) साडेतीन, बर्फाच्या टबाला अडीच, दोन्ही एकत्र विकतात त्या पॅकेजला दीड, आणि भिंतीवरच्या पोस्टरला शून्य. स्टुडिओचं नाव लिहिणार नाही, पुण्यात बाणेर-बालेवाडी बाजूला आता असे बरेच निघालेत आणि मेनू सगळ्यांचा सारखाच असतो, त्यामुळे जे लिहितेय ते कुठल्याही स्टुडिओत जाण्याआधी उपयोगी पडेल.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. डिप्रेशन आहे, निदान झालेलं आहे, गोळ्या चालू आहेत, थेरपिस्टकडे जाणं चालू आहे. म्हणजे 'मूड ऑफ आहे म्हणून स्पा' यातली मी नाही. गोळ्यांनी मी उठून कामाला लागते, पण सकाळचा तो जडपणा, अंघोळीला जायचं म्हटलं तरी डोंगर वाटणं, हे पूर्ण गेलेलं नाही. त्यात रील्सवर रोज कोणीतरी बर्फात बसून 'माय अँझायटी इज गॉन' सांगतंय, ऑफिसातल्या दोघी जाऊन आल्या, नवरा म्हणाला बघ करून, तर घेतलं. एका सेशनला पंधराशे, पॅकेज घेतलं तर स्वस्त पडतं, वर जीएसटी वेगळा.

सेशन असं असतं. पंचेचाळीस मिनिटांचा स्लॉट. लाकडी सॉनात बारा मिनिटं, मग बर्फाच्या टबात दोन मिनिटं, मग परत सॉना, परत टब, वेळ उरला तर तिसरी फेरी. शेवट थंडावरच करायचा असा नियम. जागा स्वच्छ आहे, टॉवेल धुतलेले असतात, बायकांची चेंजिंग रूम वेगळी आहे आणि कडी नीट लागते (हे लिहावं लागतं, काय करणार). ट्रेनर मुलगा अगदी गुणी, फार तर चोवीस-पंचवीसचा असेल, टबाजवळ उभा राहून 'मॅम, श्वास सोडा, सोडा, सोडा' करत राहतो. त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही. त्याला जे शिकवलंय ते तो म्हणतो.

आता टब. चिलर लावलेला, बाजूला डिजिटल आकडा, सहा-सात डिग्री दाखवत असतो. पाय घातले की घोट्याच्या वर नडगीचं हाड ठणकायला लागतं, तिथपर्यंत ठीक आहे, पण छातीपर्यंत बसलं की श्वासावरचा ताबाच सुटतो, आत घेतला जातो घेतला जातो आणि बाहेर सोडताच येत नाही. याला कोल्ड शॉक म्हणतात, पहिल्या मिनिटात श्वास फास्ट होतो, बीपी उसळतं, ठोके वाढतात, आणि उघड्या थंडगार पाण्यात बुडून मरणारे बरेच जण याच टप्प्यावर श्वासाबरोबर पाणी आत ओढून जातात. टबात गळ्याच्या वर पाणी नसतं म्हणून वाचतो आपण. मिनिटभरात ते शांत होतं. आणि बाहेर आल्यावर, खरं सांगायचं तर, भारी वाटतं. डोकं एकदम लख्ख. रिक्षात बसल्या बसल्या मी बहिणीला फोन लावला आणि घरी पोचेपर्यंत बोलत होते, ही तीच बहीण जिचे कॉल मी महिनोन्महिने 'नंतर करते' म्हणून टाळत होते. त्यामुळे बर्फात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण दुपारी चारला लॅपटॉपसमोर तीच मी, तोच ब्लँकपणा, वर हात गार. दर वेळी हेच. चढतं पटकन आणि उतरतंही पटकन.

सॉनाचं उलट. तिथे आत बसल्यावर काही खास घडत नाही, पहिली पाच-सात मिनिटं तर नुसती चुळबुळ. मग कपाळावरून घाम ओघळायला लागतो, पाठ सैल पडते, आणि डोक्यात जी एक सततची बडबड चालू असते ना, 'हे राहिलं ते राहिलं, तू काही कामाची नाहीस', तिचा आवाज हळूहळू कमी होतो. आणि नेमकं तेव्हाच टायमर वाजतो. 'चला मॅम, आइस.'

माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते, आणि त्यासाठी पोस्टरकडे जावं लागेल.

टबाच्या वर भिंतभर पोस्टर आहे: 'डोपामाइन २५० टक्के, नॉरएड्रेनलिन ५३० टक्के, डिप्रेशनला करा बाय'. ही दोन्ही मूड आणि तरतरीशी जोडली जाणारी शरीरातली रसायनं, आणि ती बर्फाने एवढी वाढतात असा दावा. हे आकडे खोटे नाहीत, पण ते कुठून आले ते शोधून वाचलं तर कपाळावर हात मारावासा वाटतो. सन २००० मध्ये आलेला एक छोटा अभ्यास आहे, त्यात मोजक्या तरुण पुरुषांना १४ डिग्रीच्या पाण्यात डोकं बाहेर ठेवून एक तास बसवलं होतं. एक तास! दोन मिनिटं नाही. आणि मोजलं ते रक्तात, मेंदूत नाही. शिवाय त्यातल्या कोणाला डिप्रेशन होतं म्हणून हा अभ्यास केलेला नव्हताच, शरीर थंड पाण्यात काय करतं एवढंच बघायचं होतं. त्या तासाभराचा आकडा उचलून दोन मिनिटांच्या बर्फाला चिकटवलाय.

थंड पाणी आणि डिप्रेशन याबद्दल जे दुसरं नेहमी फिरवलं जातं ते २००८ चं शेवचुक नावाच्या संशोधकाचं लिखाण. तो तर प्रयोगच नाही, 'असं होऊ शकेल' अशी मांडणी आहे फक्त. आणि गंमत म्हणजे त्यातही बर्फ नाही, २० डिग्रीचा शॉवर आहे, दोन-तीन मिनिटं, तोही हळूहळू गार करत नेलेला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्या बिल्डिंगच्या टाकीचं पाणी त्याच्या फार लांब नसतं. फुकट आहे. मग एक ब्रिटिश केस रिपोर्ट आहे, २०१८ चा, चोवीस वर्षांच्या मुलीचा, ती उघड्या थंड पाण्यात पोहायला लागली आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिच्या गोळ्या सुटल्या. छान गोष्ट आहे, पण एका मुलीची आहे, आणि त्यात पोहणं, बाहेरची हवा, सोबतीची माणसं, एक जमलेली गोष्ट, सगळंच मिसळलेलं आहे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी थंड पाण्यावरचे ११ अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन हजारांच्या वर माणसं, सगळी तब्येतीने धडधाकट. त्यात डुबकीनंतर बारा तासांनी ताण कमी झालेला दिसला, पण मूडमध्ये ठोस फरक दिसला नाही. नेदरलँड्सचा थंड शॉवरचा मोठा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, त्यात लोकांच्या आजारपणाच्या सुट्ट्या २९ टक्के कमी झाल्या. आजारी असलेले दिवस मात्र तेवढेच राहिले! म्हणजे आजारी असूनही ऑफिसला गेले. मॅनेजर लोकांना आवडेल असा निष्कर्ष.

आता उष्णतेकडे बघा. इथे किमान खऱ्या डिप्रेशनच्या पेशंटवर, लॉटरी पद्धतीने गट पाडून केलेले प्रयोग आहेत. सगळ्यात नावाजलेला २०१६ चा, अमेरिकेतला, चार्ल्स रेझन आणि मंडळींचा. तीसेक पेशंट, फक्त एकच सेशन, शरीराच्या आतलं तापमान ३८.५ डिग्रीपर्यंत नेलं, म्हणजे आपल्या भाषेत १०१ च्या वर ताप आल्यासारखं. दुसऱ्या गटाला तेच मशीन, तेच दिवे, पंख्याचा आवाज, थोडीशी ऊब, पण खरी उष्णता नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना वाटलं की आपल्याला खरीच ट्रीटमेंट मिळाली. तरीही खऱ्या उष्णतेच्या गटाचा डिप्रेशनचा स्कोअर (लक्षणं किती आहेत ते मोजणारा आकडा) जास्त उतरला आणि फरक सहा आठवडे टिकला. छोटा प्रयोग आहे हे मान्य, पण बर्फाच्या बाबतीत असा 'खोटा गट' करताच येत नाही, गार आहे की नाही ते कोणालाही कळतं.

जर्मनीत फ्रायबुर्गला साध्या गरम पाण्याने केलं. ४० डिग्रीच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग पांघरूण घेऊन गरम पाण्याच्या पिशव्या लावून पडून राहायचं, आठवड्यातून दोनदा. एका प्रयोगात दुसऱ्या गटाला व्यायाम दिला होता. दोन आठवड्यांनी अंघोळवाल्यांचा स्कोअर जास्त उतरलेला होता, आणि व्यायामवाल्या गटातले निम्म्याहून जास्त लोक गळालेच. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कारण 'जरा चालायला जात जा, फ्रेश वाटेल' हे सांगणाऱ्यांना हे कधी कळत नाही की प्रश्न चप्पल घालून दाराबाहेर पडण्याचाच असतो. गरम पाण्यात बसायला इच्छाशक्ती फारशी लागत नाही. बर्फात बसायला मात्र भरपूर लागते, आणि डिप्रेशनमध्ये नेमका तिचाच तुटवडा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात अ‍ॅशली मेसन यांनी सॉनातलं शरीर तापवणं थेरपीबरोबर जोडून करून पाहिलं, २०२४ मध्ये आलं ते. सोळा जण होते, त्यातल्या ज्या बारांनी सगळं पार पाडलं त्यातले अकरा शेवटी डिप्रेशनच्या व्याख्येत बसत नव्हते. तुलनेला दुसरा गट नव्हता म्हणून त्यावर उड्या मारू नयेत, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. त्यांच्याच आधीच्या एका मोठ्या पाहणीत, वीस हजारांच्या वर लोकांमध्ये, असं दिसलं होतं की डिप्रेशनची लक्षणं जितकी जास्त तितकं शरीराचं तापमान किंचित जास्त. म्हणजे शरीराची स्वतःला गार करायची यंत्रणा ढिली पडली असावी, आणि मुद्दाम तापवलं की ती परत जागी होत असावी, असा तर्क आहे. उलटं वाटतं ऐकायला, तापलेल्याला अजून तापवायचं, पण सॉनातून बाहेर पडल्यावर तासाभराने जी मस्त गार झुळूक आतूनच आल्यासारखी वाटते ती अनुभवली की पटतं.

तर मुद्दा असा, की या सगळ्या उष्णतेच्या प्रयोगांमध्ये शरीर आतपर्यंत तापायला वेळ दिलेला आहे. अमेरिकेतल्या मशीनमध्ये दीड तासाच्या वर लागतो, आणि नंतर हीटर बंद करून तासभर तिथेच पडून हळूहळू गार व्हायचं. आणि आमच्या स्टुडिओत काय, तर बारा मिनिटं. जेमतेम कातडी तापली, घाम सुटला, की उचला आणि घाला बर्फात. चहा उकळायला लागला की दर वेळी त्यात बर्फाचा खडा टाकायचा आणि मग म्हणायचं चहात काही दम नाही! ज्या भागाला डिप्रेशनसाठी थोडाफार पुरावा आहे तो भाग हे पॅकेज पूर्ण होऊच देत नाही, आणि ज्याला जवळपास नाही त्याचं पोस्टर लावतं. व्यायामानंतर अंग मोकळं करायला हॉट-कोल्ड चांगलं असेल, खेळाडू घेतात, घेऊ देत. पण 'डिप्रेशन पॅकेज' म्हणून विकताना दोन चांगल्या गोष्टी मिसळल्या की दुप्पट चांगलं होतं असं नसतं.

मी विचारलं. ट्रेनरला नाही, काउंटरवरच्या मालकांना. म्हटलं मला टब नको, मला सलग उष्णतेतच बसू द्या, मध्ये पाणी प्यायला बाहेर येईन आणि शेवटी शांत पडून राहीन. तर म्हणाले, 'मॅडम, पॅकेजचा प्रोटोकॉल आहे, आणि स्लॉट पंचेचाळीस मिनिटांचाच आहे, सलग पाहिजे असेल तर दोन स्लॉट बुक करा.' म्हणजे डबल पैसे आणि टब तसाच रिकामा. वर, 'खरा इफेक्ट तर आइसचाच आहे.' पोस्टर त्यांनीच लावलेलं, तेव्हा पुढे काय बोलणार.

यापेक्षाही खटकलेली गोष्ट म्हणजे फॉर्म. पहिल्या दिवशी जो फॉर्म भरून घेतात त्यात इन्स्टा हँडल आहे, टी-शर्टचा साइज आहे, 'गोल' काय आहे ते आहे, पण गोळ्या कुठल्या चालू आहेत हा रकाना नाही. भिंतीवर डिप्रेशन लिहायचं आणि फॉर्ममध्ये गोळ्या विचारायच्या नाहीत हे कसं चालेल? माझ्या डॉक्टर मॅडमना मी जाण्याआधी विचारलं होतं, त्यांनी पहिला प्रश्न हाच केला की लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) तर कोणी दिलेलं नाही ना, कारण खूप घाम जाऊन पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी पातळीला जाऊ शकतं. काही गोळ्यांनी घाम जास्त येतो, काहींनी घाम यायचंच कमी होतं आणि मग शरीर गारच होत नाही, काहींनी उठल्यावर बीपी पडतं. गरोदर असाल, हार्टचं काही असेल, बीपी आटोक्यात नसेल, शुगरमुळे पायाची जाणीव गेली असेल, तर दोन्हीकडे आधी डॉक्टर. बोटं पांढरी-निळी पडण्याचा त्रास असेल तर बर्फ नकोच. यातलं एक अक्षर तिथे कोणी विचारलं नाही. उलट शेजारच्या एका काकांना 'घामातून टॉक्सिन्स जातात' असं सांगणं चालू होतं. ते काम लिव्हर आणि किडनी करतात हो, घामातून मुख्यतः पाणी आणि मीठ जातं.

आणि हे तर ठळक लिहायला हवं: 'आमच्याकडे यायला लागल्यापासून लोकांच्या गोळ्या सुटल्या' असं कोणी काउंटरवर म्हणालं तर ऐकून सोडून द्या. गोळ्या अचानक बंद केल्यावर काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. जीव नकोसा होण्यापर्यंत विचार जात असतील तर सॉना-बर्फ सगळं बाजूला ठेवून १४४१६ ला फोन करा, टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, मराठीतही बोलतात.

मग मी काय केलं. फ्रायबुर्गवाल्यांचं वाचून ऑनलाइन एक फोल्डिंग टब मागवला, तीनेक हजारांचा, पाय दुमडून बसता येईल असा. रिव्ह्यू त्याचाही देते: झाकण पातळ आहे, निचऱ्याची नळी आखूड आहे, पण गळत नाही. आमचा गीझर पंचवीस लिटरचा, त्यामुळे एकदा भरून पुरत नाही, गॅसवर मोठं पातेलं ठेवावं लागतं, एकूण उद्योग बराच आहे आणि सोसायटीत टँकर चालू असताना मी करत नाही, लाज वाटते. बाळाच्या अंघोळीचा थर्मामीटर मिळतो तो टाकून ४० बघायचं, त्याच्या वर नाही. पंधरा मिनिटं, दार कडी न लावता, घरात कोणीतरी असतानाच, कारण उठताना गरगरतं. मग गादीवर जाड चादर आणि पायाशी रबराची गरम पाण्याची पिशवी. सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, 'अगं, बाळंतिणीसारखी काय शेकून घेतेस!' आणि मग स्वतःच पिशवी परत भरून आणून दिली. हे सुद्धा ३८.५ वगैरे काही नाही, तो आकडा घरी गाठायला जाऊच नका, तिथे आतलं तापमान मोजत माणूस शेजारी बसलेला असतो. पण त्या रात्रीची झोप वेगळी असते. पहाटे साडेतीनला डोळे उघडून छताकडे बघत पडणं, ते त्या रात्री बहुतेक वेळा होत नाही. आणि झोप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळची अंघोळ डोंगर वाटत नाही. माझ्यापुरता फरक एवढाच आहे, पण बर्फाच्या तासाभराच्या झगमगाटापेक्षा मला तो जास्त कामाचा.

ज्यांना टबाची झंझट नको त्यांच्यासाठी दोन पर्याय. निसर्गोपचार केंद्रांतली स्टीमची पेटी. पुण्याजवळ उरुळी कांचनचा आश्रम आहेच, गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला. अशा ठिकाणच्या पेटीत अंग आत आणि डोकं बाहेर, डोक्यावर ओला गार टॉवेल, आधी ग्लासभर पाणी. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगात पण माणूस घुमटाकार सॉनात आडवा आणि डोकं बाहेर, कपाळाला गार कापड. फरक वेळेचा, पेटीत दहा-पंधरा मिनिटंच ठेवतात. दुसरा पर्याय गरम पाण्याची कुंडं, मुंबईवाल्यांना वज्रेश्वरी-गणेशपुरी, आम्हाला पालीजवळचं उन्हेरे. गंधकाचा वास येतो, रविवारी बल्लाळेश्वराचं दर्शन करून आलेली गर्दी असते, स्वच्छतेबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, आणि पाणी किती गरम ते आधी हात घालून बघा, मोजून दिलेलं नसतं. डिप्रेशनसाठी म्हणून नाही, पण पाण्यात बसून गप्पा मारणाऱ्या अनोळखी बायकांमध्ये तासभर बरा जातो.

बर्फ कोणाला? ज्यांना सकाळी एकदम जाग यायला काहीतरी हवंय, तब्येत ठणठणीत आहे, आणि अपेक्षा तेवढीच आहे त्यांना. त्यांनीही आधी घरच्या नळाखाली महिनाभर करून बघावं, पैसे वाचतील.

सॉनाला साडेतीन का दिले, तर उष्णता खरी आहे आणि जागा चांगली आहे. टायमर काढला तर चार देईन. फोन करून बुक करणार असाल तर तीनच गोष्टी विचारा: सलग किती वेळ बसू देता, नंतर आडवं पडायला जागा आहे का, आणि गोळ्यांची माहिती कोण घेतं. माझी काही सेशन्स अजून शिल्लक आहेत, तीन महिन्यांची व्हॅलिडिटी आहे, ट्रान्सफर होत नाहीत, रिफंड नाही. जाते मी, सॉनात बसते, टबाच्या वेळेला बाकावर टॉवेल गुंडाळून बसते, आणि तो पोरगा बिचारा दर वेळी विचारतो, 'मॅम, आज तरी?'